जुनी सीगल खोलण्यापूर्वी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल या बंदरगावात तयार झालेली ब्रिटिश सीगल ही आउटबोर्ड मोटर जुन्या शिडाच्या होड्यांच्या मागे आजही टांगलेली दिसते. उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, उघडं फ्लायव्हील आणि त्याला गुंडाळून ओढायची दोरी. त्यामुळे ती घरच्या घरी खोलता येते. पण हल्लीच्या इंजिनांचे नियम तिला लावले की चांगली मोटरही हातची जाते.

गैरसमज : गिअरबॉक्सचं ऑइल दुधासारखं पांढरं झालं म्हणजे सील गेलं.

जुन्या सीगलमध्ये पंख्याच्या शाफ्टला आजच्यासारखं रबरी सील नसतंच. शाफ्ट बुशमध्ये फिरतो आणि पाणी थोपवायचं काम जाड ऑइलच करतं. थोडं पाणी आत येणार, हे धरूनच ती रचना केलेली आहे. म्हणून तर १४० ग्रेडचं ऑइल सांगितलेलं असतं. पातळ भरलं तर ते पाण्यात निघून जातं. पांढरं पडलेलं ऑइलही गिअरना वंगण देत राहतं. हंगाम संपला की ते काढायचं, आतलं पाणी पूर्ण निथळू द्यायचं आणि नवं भरायचं. सील बसवण्यासाठी मूळ भाग कातून घेणं मला तरी पटत नाही.

गैरसमज : आताचं टू-स्ट्रोक ऑइल इतकं चांगलं आहे, की ५० भाग पेट्रोलला १ भाग पुरे.

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं. जुन्या मॉडेलांना १० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल लागायचं. पुढच्या मॉडेलांना २५ ला १. क्रँकशाफ्ट साध्या ब्राँझच्या बुशांमध्ये फिरतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसमधल्या दाबानेच मिश्रण सिलिंडरकडे ढकललं जातं, आणि तो दाब धरून ठेवायलाही हेच बुश आणि त्यांच्यातला ऑइलचा थर लागतो. ऑइल कमी पडलं की बुश झिजतात, दाब निसटतो आणि मग कितीही दोरी ओढली तरी मोटर सुरू होत नाही. लोक मात्र प्लग बदलत बसतात.

१० ला १ मध्ये धूर होतो आणि पाण्यावर तेलाचा तवंग पसरतो, हेही खरं. तो मला सहन होत नाही. म्हणून २५ ला १ वर यायचं असेल तर जरूर यावं. पण तेव्हा मॉडेलप्रमाणे कार्बोरेटरचा जेट किंवा सुईही बदलावी लागते. ऑइल घटलं की मिश्रणात पेट्रोलचा वाटा वाढतो आणि प्लग काळा पडू लागतो.

गैरसमज : करंट येत नाही, म्हणजे कॉइल जळली.

कधीकधी जळतेही. पण वर्षानुवर्षं पडून असलेल्या मोटरीत आधी पॉइंट बघावेत. फ्लायव्हील काढायचं, बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवायचा, मग पॉइंटमध्ये कोऱ्या कागदाची पट्टी धरून ओढायची. पहिल्यांदा पट्टीवर काळी रेघ उमटते. रेघ उमटायची थांबेपर्यंत पट्ट्या बदलत राहायचं. शेवटी फीलर गेजने सुमारे अर्धा मिलिमीटर फट ठेवायची. इतक्यावर कित्येक ‘मेलेल्या’ मॅग्नेटोंची ठिणगी परत येते.

गैरसमज : तीन-चार हॉर्सपॉवरने होडी काय पळणार!

शिडाची जड होडी पाणी कापत जाते, पाण्यावर उचलली जात नाही. तिचा वेग पाण्याला टेकलेल्या लांबीवर ठरतो: १६ फूट लांबीला साधारण साडेपाच नॉट. त्यापुढे मोठं इंजिन फक्त लाटा उठवतं आणि पेट्रोल पितं. सीगलचा पंखा मोठा आणि संथ फिरणारा आहे, जड होडी रेटण्यासाठीच तो तसा केलेला आहे.

पेट्रोलचंही बघायला हवं. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी शोषतं आणि जुन्या रबर-कॉर्कच्या भागांना त्रास देतं. म्हणून किनाऱ्याला लागताना आधी पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि कार्बोरेटर रिकामा होऊन मोटर आपोआप थांबू द्यावी.