घरचा स्टुडिओ, भाग ६ : दोन पाइप, आठ चाकं आणि एक फळी

मागच्या दोन भागांत दिवे झाले. थर्मोकोलवरून उजेड उसळवून चेहरा कसा मऊ करायचा ते पाहिलं, बटर पेपर हॅलोजनच्या जवळ नेऊ नका अशी ताकीदही दिली. आता कॅमेरा हलवायचा. होतकरू मंडळींचे सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. स्लायडर येतो, गिंबल येतो, चार दिवस कौतुक होतं आणि मग दोन्ही कपाटावर जातात. कारण कॅमेरा का हलवायचा, हे आधी कुणी विचारलेलंच नसतं.

कॅमेरा जागेवरून सरकला की जवळच्या वस्तू चौकटीतून भराभर मागे पडतात, लांबच्या सावकाश. हा वेगातला फरक डोळ्याला खोली दाखवतो. झूमने हे होत नाही. झूम चित्र नुसतं मोठं करतो. म्हणून कॅमेरा सरकवायची गाडी, म्हणजे डॉली, बनवण्याआधी शॉटमध्ये जवळ काहीतरी ठेवायला शिका. वाड्यातले खांब, खिडकीचे गज, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं, काहीही चालेल. मोकळ्या मैदानात लांबच्या डोंगराकडे बघत दहा फूट सरकलात, तरी प्रेक्षकाला काही सरकल्याचं कळणारसुद्धा नाही.

हातात पैसे नसताना कॅमेरा हलवणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. गोदारच्या ‘ब्रेथलेस’मध्ये (१९६०) छायालेखक राउल कुतार चाकाच्या खुर्चीत बसायचे आणि खुर्ची ढकलायला खुद्द दिग्दर्शक. सॅम रायमीने ‘द ईव्हिल डेड’साठी फळीच्या मध्यावर कॅमेरा ठोकला आणि दोघांनी दोन टोकं धरून जंगलातून धूम ठोकली. फळी लांब असल्यामुळे धावणाऱ्यांचे धक्के मध्यावर निम्मे होऊन पोचतात, एवढंच त्यामागचं शास्त्र. आपल्या मालेगावात शेख नासिर आणि त्यांच्या मित्रांनी सायकलची डॉली केली, बैलगाडीची क्रेन केली. बैलगाडी मुळात तरफच. चाकांचा आस हा टेकू. एक टोक दाबलं की दुसरं वर जातं. फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट मिळाला तर जरूर पाहा. आणि कोल्हापूरकरांनी नाक मुरडू नये म्हणून सांगतो, बाबूराव पेंटरांनी तर अख्खा कॅमेराच घडवला होता. १९२० सालचा ‘सैरंध्री’ त्याच घरच्या कॅमेऱ्यावरचा. आपल्याला फक्त गाडी करायची आहे.

सामान थोडं आहे. दहा फुटी एक इंची पीव्हीसी पाइप दोन. नळाचा जाड पाइप घ्या, वायरिंगचा पातळ पाइप नको. तो गाडीच्या वजनाखाली झोळ खातो. दुकानात पाइप भिंतीला टेकवून ठेवलेले असतात, त्यामुळे बरेचसे धनुष्यासारखे वाकलेले निघतात. एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकापर्यंत बघा, किंवा फरशीवर गडगडवून बघा. वाकडा पाइप गडगडताना अडखळतो. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.

चाकं स्केटची, आठ. जुन्या बाजारात मुलांचे मोडके स्केट मिळाले तर त्यांतलीच काढा. या चाकांत ६०८ नंबरचं बेअरिंग असतं : आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात हा नंबर सांगितला की पुढचं बोलावं लागत नाही. मध्यंतरी प्रत्येक पोराच्या हातात फिरणाऱ्या भिंगरीच्या, म्हणजे फिजेट स्पिनरच्या, पोटातही बहुधा हेच असायचं. एखादा स्पिनर कपाटात पडला असेल तर कुरकुरणाऱ्या चाकाला त्यातलं बेअरिंग चालून जाईल.

फळी पाऊण इंची प्लायची, साधारण दीड फूट बाय दोन फूट. सुताराकडे तेवढा तुकडा उरलेला असतोच. फळीच्या चारी कोपऱ्यांना लोखंडी अँगलचे छोटे तुकडे आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक. अँगल काटकोनी असल्यामुळे जोडीतली चाकं एकमेकांकडे झुकतात आणि पाइपला दोन्ही खांद्यांवर धरतात. गाडी रुळावरून उतरत नाही ती या झुकावामुळे. चाकं सरळ उभी लावलीत तर पहिल्याच ढकलण्यात गाडी खाली.

चाक आणि अँगल यांच्यामध्ये एक बारीक वॉशर घाला. तो बेअरिंगच्या फक्त आतल्या कड्याला टेकला पाहिजे. मोठा वॉशर बाहेरच्या कड्यालाही टेकतो, नट आवळला की चाक जाम होतं, आणि मग लोक बेअरिंगला शिव्या देतात. बोल्ट ८ एमएमचा. तो नसेल तर अडीच सुती चालतो, तो ७.९४ मिलिमीटर भरतो, भोकात अलगद बसतो. नट मात्र नायलॉक घ्या, साधा नट थरथरून सैल होतो.

आता ज्याच्यासाठी हा भाग लिहायला घेतला तो, कॅमेरा फळीला जोडणारा बोल्ट. कॅमेऱ्याच्या किंवा मोबाइलच्या क्लॅम्पच्या बुडाशी जे भोक असतं ते पाव इंची, इंचाला वीस आटे. हार्डवेअरच्या दुकानात त्याला दोन सुती म्हणतात. ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही पद्धतींत पाव इंचाला आटे वीसच. आट्यांच्या कोनात पाच अंशांचा फरक असतो, पण आपल्या कामाला तो आड येत नाही. घात करतो तो ६ एमएमचा बोल्ट. दिसायला तो जवळपास सारखाच, दुकानातला पोरगाही बिनदिक्कत तोच हातात ठेवतो. त्याचे आटे एकेका मिलिमीटरवर असतात, म्हणजे इंचाला पंचवीसच्या वर. दीड-दोन वेढे आत जातो आणि अडकतो. तिथे पान्याचा जोर लावलात की कॅमेऱ्याचे आटे मारले गेले, आणि ती दुरुस्ती अख्ख्या गाडीपेक्षा महाग पडते. म्हणून बोल्ट हाताने फिरवायचा, पान्याने कधीच नाही. लांबीही बघून घ्या : फळीच्या वर पाच मिलिमीटर डोकावला की पुरे. त्याहून लांब असला तर आत बुडाला जाऊन रुतेल.

इतर सगळीकडे हात आखडता घ्या. चाकं आणि हा बोल्ट यांच्या बाबतीत मात्र नको.

रूळ मांडणं सोपं आहे. पाइपांची टोकं दोन लाकडी पट्ट्यांना अडकवा, पण करकचून नको. अंतर जरा कमीजास्त झालं तर चाकं ते आपोआप जुळवून घेतात. घट्ट बांधलेत तर गाडी मध्येच रुतते. जमीन खडबडीत असेल तर पाइपाखाली वर्तमानपत्राच्या घड्या सरकवा. पाइपांवर थोडी टाल्कम पावडर फासली की चाकांची खरखर कमी होते. काम झाल्यावर पाइप आडवे ठेवा, आणि उन्हात तर मुळीच नको.

ढकलताना हात नाही, कंबर वापरा. गाडी कंबरेला टेकवून सावकाश पुढे चला. शॉट सुरू होण्याआधी दोन फूट आणि संपल्यावर दोन फूट गाडी चालू ठेवा. सुरुवातीचा हिसका आणि शेवटचा अडखळ संकलनात कापता येतो. लेन्स रुंद कोनाची घ्या, कारण लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये प्रत्येक धक्का मोठा होऊन दिसतो. घरातल्या दिव्यांत शूट करणार असाल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० हे मागच्या वेळी सांगितलेलं गणित इथेही तसंच.

राहता राहिला काठीला वजन बांधून केलेला घरगुती स्टेडीकॅम. गॅरेट ब्राउनने १९७० च्या दशकात आणलेल्या मूळ यंत्राचं तत्त्व त्यात आहेच : वस्तुमान पसरवलं की हाताच्या थरथरीला ते दाद देत नाही. पण तो तोलायला शिकण्यात आठवडे जातात, आणि नवशिक्याच्या हातात चित्र होडीसारखं डुलतं. माझं मत विचाराल तर आधी रुळावरची गाडी, काठीचं पुढच्या वर्षी बघू.

या गाडीवर माणूस बसवू नका. माणूस बसवायचा असेल तर प्रत्येक कोपऱ्याला दोनऐवजी चार चाकं लावा आणि पाइप सव्वा इंची घ्या.

पुढच्या आठवड्यात आवाज. त्यासाठी घरातल्या दोन जाड गोधड्या आणि कपडे वाळत घालायचा स्टँड तयार ठेवा.