पोलिसाचा अनुभव आणि परके शहर

शाळेने प्रसिद्ध केलेल्या स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत पोलीसभरतीवरचा लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. आयुष्यभर मराठी भाषा आणि वाङ्मय शिकविलेल्या माणसाने ह्या विषयात का पडावे, असेही कोणी विचारील. माझे उत्तर साधे आहे. ‘अनुभवी माणूस हवा’ हे वाक्य आपण नित्य वाचतो. पण अनुभव म्हणजे नेमके काय, तो एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येतो काय, आणि त्याबरोबर आणखी काय काय येते, ह्याचा विचार क्वचितच करतो. पोलिसाच्या बाबतीत ह्या शब्दाची किंमत कधी कधी माणसाच्या प्राणांनी मोजावी लागते. म्हणून हा शब्द तपासून पाहावा असे मला वाटले.

बदली आणि आडवा प्रवेश

‘बदली’ ह्या आपल्या शब्दात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. बदली होते, ती कोणी आपण होऊन करीत नाही. वरून हुकूम येतो, कर्मचारी बिऱ्हाड हलवितो आणि त्याची सेवापुस्तिका, त्याच्यावरचे शेरे, त्याचे निवृत्तिवेतन हे सारे त्याच्या मागोमाग जाते. सरकार एकच असते, केवळ खुर्ची बदलते.

अमेरिकेत असे नाही. त्या देशात लहानमोठी अशी सुमारे १८ हजार पोलीस खाती आहेत. शहराचे खाते निराळे, परगण्याचे निराळे, राज्याचे निराळे. कित्येक विद्यापीठांचीसुद्धा स्वतःची पोलीस खाती आहेत. त्यांतली कित्येक दहा-बारा माणसांची असतात. एका खात्यातील माणसाची दुसऱ्या खात्यात बदली करण्याचा अधिकार कोणालाच नाही. ज्याला जायचे असेल त्याने पहिली नोकरी सोडावयाची आणि दुसरीकडे नव्याने अर्ज करावयाचा. अशा प्रवेशाला तिकडे ‘लॅटरल’ म्हणतात. मी त्याला ‘आडवा प्रवेश’ म्हणेन. एका शिडीच्या मधल्या पायरीवरून दुसऱ्या शिडीच्या तेवढ्याच उंचीच्या पायरीवर पाय टाकावा, तसा हा प्रकार आहे. बढती नाही आणि अगदी तळापासून आरंभही नाही.

मोठ्या शहरांना अशी माणसे हवी असतात, त्याची कारणे उघड आहेत. नवा उमेदवार निवडावा, त्याला शिकवावे, मग जुन्या पोलिसाच्या हाताखाली फिरवावे, ह्यात वर्षाच्या आसपास काळ जातो. वॉशिंग्टन राज्यात मूलभूत प्रशिक्षणच ७२० तासांचे असते. दुसऱ्या राज्यातून आलेल्या अनुभवी अधिकाऱ्याला मात्र तेथील कायद्याची ओळख करून देणारे थोड्या दिवसांचे वर्ग पुरतात. शिकविण्याचा खर्च आधीच्या गावाने केलेला असतो. पीक तेवढे शहराला मिळते.

मे २०२० मध्ये मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड ह्यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला. त्यानंतर अनेक शहरांतून पोलीस नोकरी सोडून गेले आणि नवे उमेदवार मिळेनासे झाले. सिॲटलमधून तर शेकड्यांनी माणसे गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील नगर परिषदेने भरतीसाठी जादा रक्कम मंजूर केली. नवोदितास साडेसात हजार डॉलरपर्यंत आणि अन्य खात्यातून येणाऱ्या अनुभवी अधिकाऱ्यास ३० हजार डॉलरपर्यंत. अनुभवाचा भाव चौपट ठरला. मात्र ह्या व्यवहारात देशातील एकूण पोलिसांची संख्या एकानेही वाढत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. ज्या लहान गावाने माणूस घडविला, त्या गावाची चौकी ओस पडते. आपल्याकडे खेड्यातील शाळेतला चांगला मास्तर शहरातील संस्थेने उचलून नेला, की खेड्याचे जे होते, तेच.

काय बरोबर येते, काय मागे राहते

अनुभवी पोलिसाबरोबर काही गुण निश्चित येतात. भांडणाच्या जागी पाऊल टाकताच कोणाचा हात कोठे आहे हे त्याला दिसते. पंचनामा कसा लिहावा, साक्षीदाराला बोलते कसे करावे, न्यायालयात उलटतपासणीला कसे उभे राहावे, हे त्याला सांगावे लागत नाही. तोंडावर शिवी आली तरी ती गिळून कशी टाकावी, हेही चांगल्या पोलिसाला वर्षांनीच कळते.

मागे राहते ते गावाचे ज्ञान. कोणती गल्ली कोठे निघते, कोणत्या घरात जुने वैर आहे, कोणाचा शब्द मोहल्ल्यात चालतो, हे ज्ञान सामानाबरोबर बांधून नेता येत नाही. भाषाही मागे राहते. आपल्याच बोलीत पाहा: ‘त्याने मला दटावले’, ‘त्याने मला दम दिला’ आणि ‘त्याने मला धमकावले’ ही तीन वाक्ये फिर्यादीत आली, तर तिन्हींचे वजन निरनिराळे आहे. ज्याला ही भाषा केवळ कामापुरती येते, तो तिघांना एकाच शब्दात नोंदवील आणि पुढे न्यायालयात त्या एका शब्दावर सारे प्रकरण उभे राहील किंवा कोसळेल. बेळगावसारख्या गावात, जेथे फिर्यादी मराठीत आरंभ करतो, मध्ये कानडी शब्द घालतो आणि रागाच्या भरात हिंदीवर जातो, तेथे हा विचार अधिकच करावा लागतो.

धारवाडहून मुंबईस

ह्या संदर्भात आपल्या भागाशी निगडित असा एक ऐतिहासिक दाखला आहे. १८५८ च्या मे महिन्यात नरगुंदचे संस्थानिक भास्करराव ऊर्फ बाबासाहेब भावे ह्यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. दत्तकाची परवानगी नाकारली गेल्याचे शल्य त्यांच्या मनात होते. पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला, नरगुंदचा किल्ला पडला आणि बाबासाहेबांना पकडण्यात आले. १२ जून १८५८ रोजी बेळगावात त्यांना फाशी देण्यात आली. त्यांना पकडणारा अधिकारी होता धारवाडचा पोलीस अधीक्षक फ्रँक सूटर. पुढे त्याची रवानगी अहमदनगरकडे झाली आणि १८५९ मध्ये सिन्नरनजीकच्या चकमकीत भिल्लांचा नायक भागोजी नाईक ह्याचा त्याने पाडाव केला. ह्या कामगिऱ्यांची शिदोरी घेऊन सूटर १८६४ मध्ये मुंबईचा पोलीस आयुक्त झाला आणि १८८८ पर्यंत त्या पदावर राहिला.

आपल्या दृष्टीने ही कामगिरी कोणाविरुद्ध होती, हे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने पाहिले, तर सूटर हा जिल्ह्यातून शहरात आणलेला ‘अनुभवी अधिकारी’ होता. डोंगर, किल्ला, घोडदौड आणि पाठलाग हा त्याचा अनुभव. मुंबईत वेगळाच प्रसंग पुढे आला. फेब्रुवारी १८७४ मध्ये पारशी आणि मुसलमान समाजांत दंगल झाली. पोलिसांनी वेळीच संरक्षण दिले नाही, अशी पारशी समाजाने उघड तक्रार केली. रानात पळणाऱ्या बंडखोराचा माग काढणे आणि दाट वस्तीत दोन जमावांच्या मध्ये उभे राहणे, ही दोन कामे एका गणवेशात करावयाची असली तरी एक नव्हेत.

सूटरच्या आधीचा चार्ल्स फोर्जेट ह्याची गोष्ट उलट आहे. तो हिंदुस्थानातच जन्मलेला आणि वाढलेला. देशी भाषा त्याला सहज बोलता येत. वेषांतर करून वस्तीत फिरे आणि लोक त्याला ओळखत नसत. १८५७ मध्ये मुंबईच्या पलटणींत शिजत असलेला कट त्याने अशाच रीतीने ऐकून उघडकीस आणला. त्याच्या यशाचे मूळ त्याच्या कानांत होते. राज्यकर्त्यांच्या बाजूने त्याने ते कान वापरले, हे खरेच. परंतु ज्याला लोकांची बोली कळते त्याला शहर कळते, हे तत्त्व त्याने खोटे ठरत नाही.

दाखल्यावरचा शेरा

आता अधिक गंभीर मुद्द्याकडे येतो. माणूस एका खात्यातून दुसऱ्या खात्यात येतो तेव्हा त्याचे गुण येतात तसे दोषही येतात. गुण तो स्वतः सांगतो; दोष कागदात असतात. तो कागद कोणी वाचतो काय, हा खरा प्रश्न आहे.

२२ नोव्हेंबर २०१४ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात तामीर राइस हा १२ वर्षांचा मुलगा एका बागेत खेळण्यातले पिस्तूल घेऊन होता. पोलिसांची गाडी आली आणि अवघ्या दोन सेकंदांच्या आत एका पोलिसाने त्याच्यावर गोळी झाडली. पुढे उघड झाले ते असे. हा पोलीस पूर्वी जवळच्याच एका लहान गावाच्या खात्यात अल्पकाळ होता. शस्त्राच्या सरावात त्याचे मन स्थिर राहत नाही, तो ह्या कामास योग्य नाही, असा अभिप्राय त्याच्या वरिष्ठांनी लिहून ठेवला होता. त्याला राजीनामा देऊ दिला गेला. क्लीव्हलँडने त्याला घेताना ती फाइल वाचलीच नव्हती. २०१७ मध्ये त्याला काढले, तेही अर्जात खरी माहिती दिली नाही ह्या कारणावरून. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका लहानशा गावाने त्याला पुन्हा पोलीस म्हणून नेमले. बोभाटा झाल्यावर त्याने माघार घेतली.

इंग्लंडमध्येही असेच घडले. अणुकेंद्रांच्या रक्षणासाठी असलेल्या पोलीस दलातून २०१८ मध्ये लंडनच्या महानगर पोलिसांत आलेल्या एका अधिकाऱ्याने मार्च २०२१ मध्ये आपले ओळखपत्र दाखवून सारा एव्हरार्ड ह्या तरुणीचे अपहरण केले आणि तिचा खून केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने सांगितले, की हा मनुष्य कधीच पोलीस व्हावयास नको होता. धोक्याच्या खुणा होत्या, त्या वेळोवेळी नजरेतून सुटल्या.

ही अपवादात्मक उदाहरणे असे कोणी म्हणेल. ग्रुनवाल्ड आणि रॅपपोर्ट ह्या दोन अभ्यासकांनी फ्लोरिडा राज्यातील सुमारे ९८ हजार पोलिसांची तीस वर्षांची नोंद तपासली आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणत्याही एका वर्षी त्या राज्यात पूर्वी बडतर्फ झालेले सरासरी ११०० च्या आतबाहेर पोलीस अन्यत्र नोकरीवर होते. म्हणजे शेकडा तीन. असे पोलीस पुन्हा बडतर्फ होण्याचा संभव इतरांहून अधिक आढळला. शिवाय त्यांना आसरा देणारी खाती बहुधा लहान आणि कमी पैशाची असतात. म्हणजे मोठ्या शहराने अनुभवी माणूस उचलावा आणि रिकाम्या झालेल्या लहान गावाने मिळेल त्याला घ्यावे, अशी ही साखळी आहे.

शिक्षकांना ह्यातला दोष चटकन कळेल. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. त्यात ‘चांगली’ हा शब्द किती सहज लिहिला जातो! मुलाचे नुकसान नको, ब्याद गेली तर बरे, वाद नको, ह्यांपैकी कोणत्याही कारणाने. लहान मुलाच्या बाबतीत ही दया क्षम्य असेल. ज्याच्या कमरेला शस्त्र लावावयाचे त्याच्या दाखल्यावर तो शब्द दयेने लिहिणे, म्हणजे अज्ञात माणसाच्या जिवाशी खेळणे होय. अमेरिकेत संघीय पोलिसांच्या गैरवर्तनाची एक राष्ट्रीय नोंदवही डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली होती. जानेवारी २०२५ मध्ये ती बंद करण्यात आली. राज्याराज्यांतून अधिकारपत्र काढून घेतलेल्या पोलिसांची एक सूची मात्र आहे. तिचा उपयोग ती उघडून पाहणाऱ्यालाच होणार.

आपल्याकडची बाजू

आपल्या देशात एका राज्याचे पोलीस दल एकच असल्यामुळे कागद हरवत नाही, हा मोठाच लाभ. दोष निराळा आहे. बदली गुणांसाठी न होता सोयीसाठी वा शिक्षेसाठी होते. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी दिलेल्या निर्णयात बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळ नेमावे आणि महत्त्वाच्या पदांवरील अधिकाऱ्यांस किमान दोन वर्षे एका जागी राहू द्यावे, असे सांगितले. त्यामागचा हेतू हाच, की गाव कळण्यापूर्वीच माणूस हलू नये. बेळगावात २०१४ मध्ये पोलीस आयुक्तालय झाले. तेव्हा जिल्ह्याच्या दलातील ठाणी आणि माणसे शहराकडे आली. अशा प्रत्येक नव्या शहरी दलापुढे हा प्रश्न असतोच.

बाहेरचा माणूस म्हणजे वाईट, असा निष्कर्ष कोणी काढू नये. घाशीराम कोतवाल उत्तरेकडून पुण्यात आला होता, हे विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकामुळे घरोघर ठाऊक आहे. १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचले. त्या अनर्थाचे कारण त्याच्या जन्मगावात शोधणे सोपे आहे. परंतु कोठडीची किल्ली ज्याच्या हाती, त्याला विचारणारा कोणी नव्हता, हे त्याचे खरे कारण मला वाटते.

तेव्हा शहराने अनुभवी पोलीस जरूर आणावा. मात्र त्याची जुनी फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचावी. ज्यांच्या हाताखाली तो होता त्यांना समक्ष विचारावे. राजीनाम्याचे कारण कोरे असेल तर तेथे थांबावे. आणि आल्यावर गाव व गावाची बोली शिकण्यास त्याला अवधी द्यावा. जुन्या खात्यानेही खरा शेरा लिहिण्याचे धैर्य दाखवावे. ह्या शाळेतून जे विद्यार्थी उद्या पोलीस खात्यात जातील आणि यथाकाल अधिकारी होतील, त्यांच्या टेबलावर असे दाखले सहीसाठी येतील. तेव्हा ‘वर्तणूक’ ह्या रकान्यापुढे त्यांनी क्षणभर लेखणी थांबवावी, एवढीच माझी त्यांच्याकडून अपेक्षा आहे.