सोने, डीएनए आणि शिसे
सोन्याचे 13 नॅनोमीटरचे कण पाण्यात सुटे असले की द्रावण लाल दिसते. ते एकमेकांना चिकटले की निळसर. 1996 मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात चॅड मर्किन यांच्या गटाने असे कण डीएनएच्या धाग्यांनी जोडून दाखवले.

त्याआधी, 1994 मध्ये, रोनाल्ड ब्रेकर आणि जेराल्ड जॉइस यांना शिशाच्या मदतीने आरएनएचा दुवा तोडणारा डीएनए सापडला होता. आनुवंशिक माहिती साठवणारा रेणू उत्प्रेरकाचेही काम करतो, हे खरे नवल!

इलिनॉय विद्यापीठातील ज्युवेन लिऊ आणि यी लू यांनी 2003 मध्ये या दोन्ही कल्पनांची सांगड घातली. शिसे नसेल तर कण जोडले जाऊन द्रावण निळे. शिसे असेल तर धागाच तुटतो आणि लाल रंग टिकतो. शिसेयुक्त पेंटही या चाचणीने नुसत्या डोळ्यांनी ओळखता आला.