देशाटन आणि घराची ओढ

देशाटनाची महती सांगणारी ती प्रसिद्ध आर्या आपल्यापैकीं बहुतेकांनीं लहानपणीं पाठ केलेली असते. तींत देशाटनाच्या जोडीला विद्वानांची मैत्री येते, सभेंतील वावर येतो, ग्रंथांचें वाचन येतें. आणि या सर्वांच्या योगानें माणसाच्या अंगीं चातुर्य येतें, असा निर्वाळा मिळतो. परंतु जो एकटा परमुलखास निघतो, त्याला पहिल्या मुक्कामापासून जी गोष्ट छळूं लागते, तिचें नांव त्या आर्येंत कोठेंच नाहीं. ती गोष्ट म्हणजे घराची आठवण. या उणीवेकडे आमचें लक्ष इतकीं वर्षें गेलें नव्हतें. तें आमच्याच घरांतील एका प्रसंगामुळें गेलें.

वसईस आमचें घर जुनें, वाडींतलें, आणि माणसांनीं भरलेलें आहे. एका स्वयंपाकघरांत चौदा माणसांचीं पानें मांडलीं जातात. आमच्या पुतणीनें पदवीची परीक्षा संपतांच जाहीर केलें कीं, आपण दीड महिना एकटीच श्रीलंकेंत हिंडून येणार. पाठीवर एक पिशवी, मुक्कामास प्रवाशांचीं स्वस्त वसतिगृहें, आणि फिरावयास आगगाडी व बस, एवढाच तिचा सरंजाम. पैसे तिनें शिकवण्या करून स्वतः सांठविले होते, तेव्हां त्या बाबतींत कोणास बोलावयास जागा नव्हती. तिच्या वडिलांनीं प्रवासांतील धोके मोजून दाखविले. तिच्या आईनें तिकडे ओळखीचें कोणी नाहीं हें पुन्हां पुन्हां सांगितलें. आमच्या मातुःश्रींनीं मात्र निराळाच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "जायचं तर जा, बाई. पण परक्या गावांत एकटी पानावर बसशील, तेव्हां घास उतरेल का गं?"

पुतणीजवळ उत्तर नव्हतें. खरें म्हणजे आमच्याजवळही नव्हतें. तथापि मुलीची बाजू घ्यावी म्हणून आम्हीं आनंदीबाई जोशी यांचा दाखला पुढें केला. वसईची खाडी आंत आंत जाते, तिच्याच कांठीं कल्याण आहे. त्या कल्याणच्या आनंदीबाई १८८३ सालीं, अठरा वर्षांच्या वयांत, पतीला मागें ठेवून कलकत्त्याहून अमेरिकेस गेल्या आणि १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांतून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. मातुःश्रींनीं सर्व ऐकून घेतलें आणि एवढेंच विचारलें, "आणि परत आल्यावर किती दिवस जगली ती?" आनंदीबाई १८८६ च्या नोव्हेंबरांत परतल्या व १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास वारल्या. त्यांना बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. दाखला आमच्याच अंगावर उलटला, आणि त्या रात्रीं तो विषय तेथेंच राहिला.

पुढल्या रविवारीं आम्ही पुतणीस घेऊन सोपाऱ्यास गेलों. दूरदेशीं जाणाऱ्यानें आपल्या दारांतलें तीर्थ आधीं पाहावें, इतकाच आमचा हेतु होता. नालासोपारा स्टेशनापासून पश्चिमेस, इमारतींच्या दाटींतून गेलें कीं झाडींत एक विटांचा ढिगारा लागतो. गांवांतील लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत आले. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो उकरला, आणि तो बौद्ध स्तूप असल्याचें सिद्ध झालें. त्याच्या पोटांत एक दगडी पेटी निघाली. तींत एकांत एक ठेवलेल्या निरनिराळ्या धातूंच्या व दगडांच्या डब्या होत्या, आणि सर्वांत आंतल्या सोन्याच्या डबींत मातीच्या भांड्याचीं कांहीं खापरें होतीं. हीं खापरें भगवान् बुद्धांच्या भिक्षापात्राचीं, या श्रद्धेनें तीं तेथें जपून ठेवलीं असावींत. पुतणी आपल्या पिशवींत काय घ्यावें नि काय गाळावें या विवंचनेंत आठवडाभर होती. जन्मभर पायीं हिंडलेल्या पुरुषाचें सारें सामान म्हणजे एक मातीचें पात्र, आणि लोकांनीं तेंच सोन्यांत घालून ठेवलें, हें ऐकून ती बराच वेळ गप्प उभी राहिली.

त्याच साली सोपाऱ्याच्या परिसरांत अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सांपडला. तो सध्या मुंबईस छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत आहे. तुकड्यावर थोडींच अक्षरें उरलीं असलीं तरी गिरनार वगैरे ठिकाणच्या शिळांवरून संपूर्ण लेख आपणांस कळतो, आणि योगायोग असा कीं, त्याचा विषय प्रवास हाच आहे. अशोक सांगतो, पूर्वींचे राजे विहारयात्रेस निघत. तींत शिकार असे व तशाच इतर करमणुकी असत. आपण राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनीं संबोधीस, म्हणजे बोधगयेस गेलों आणि तेव्हांपासून धर्मयात्रा सुरू झाली. या यात्रेंत श्रमण व ब्राह्मण यांचें दर्शन घ्यावयाचें, वृद्धांस भेटावयाचें, दान करावयाचें, आणि खेड्यापाड्यांतील लोकांस भेटून त्यांच्याशीं धर्माविषयीं बोलावयाचें. दोन्ही यात्रांत रस्ते तेच असतात. फरक पडतो तो वाटेंत कोणास भेटावें, या निवडीमुळें.

सोपाऱ्याचें प्राचीन नांव शूर्पारक. या बंदरांतील पूर्ण नांवाच्या व्यापाऱ्याची कथा 'दिव्यावदान' या संस्कृत ग्रंथांत आहे. एका धनिक व्यापाऱ्याच्या घरीं दासीच्या पोटीं जन्मलेला हा मुलगा आपल्या अकलेनें मोठा झाला. सहा वेळां समुद्रावर जाऊन तो सुखरूप परतला. सातव्या खेपेस त्याच्या गलबतावर श्रावस्तीचे व्यापारी होते. ते पहाटे उठून मोठ्यानें कांहींतरी म्हणत. हीं कसलीं गाणीं म्हणून पूर्णानें विचारलें, तेव्हां हीं गाणीं नव्हेत, हें बुद्धाचें वचन आहे, असें त्याला उत्तर मिळालें. पुढें तो श्रावस्तीस जाऊन भिक्षु झाला. पालि ग्रंथांत त्याची पुढची हकीकत आहे. त्यानें राहण्यासाठीं सुनापरांत हा प्रदेश निवडला. परंपरेप्रमाणें हाच आपला पश्चिम किनारा. तेथील लोक तापट आहेत, ते शिव्या देतील, मारतील, असें बुद्धांनीं बजावलें असतांही तो निघाला. सोबत्यांच्या पठणानें ज्याचें आयुष्य पालटलें, तो मनुष्य अखेर आपल्याच लोकांत परतला. आम्हांस त्याच्या सहा यशस्वी सफरींहून हें परतणें मोलाचें वाटतें.

पूर्णाची कथा पुराणांतली, असें कोणी म्हणेल. परंतु तिच्याशीं आश्चर्यकारक साम्य असलेलें चरित्र आपल्या भाषेंत अगदीं अलीकडचें आहे, आणि तें ज्याचें त्यानेंच लिहिलेलें आहे. आम्ही धर्मानंद कोसंबी यांच्याविषयीं बोलत आहों. त्यांचें 'निवेदन' हें आत्मचरित्र १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. तें ज्यांच्या घरांत असेल त्यांनीं कपाटांतून काढावें. नसेल त्यांनीं अवश्य मिळवावें.

धर्मानंद १८७६ सालीं गोव्यांतील सांखवाळ येथें एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबांत जन्मले. नारळांची बागाईत, बेताचें शिक्षण, पंधराव्या वर्षाच्या सुमारास लग्न, असें त्यांचें आरंभींचें आयुष्य. आपल्या वसईच्या वाड्यांतून आढळतें त्याहून फारसें वेगळें नाहीं. १८९७ सालीं 'बालबोध' नांवाच्या मुलांच्या मराठी मासिकांत बुद्धाचें चरित्र त्यांच्या वाचनांत आलें. पूर्णाला जें गलबतावर ऐकूं आलें, तेंच धर्मानंदांना मासिकाच्या पानांतून ऐकूं आलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. ज्या घरांत मासिकें येतात त्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें. कोणत्या पानानें कोण कोठें जाईल याचा नेम नसतो.

ते एकदम निघाले, असें मात्र नाहीं. तरुणपणीं घर सोडून जाण्याचा प्रयत्न त्यांनीं पूर्वींही केला होता आणि ते परत आले होते. हे परतणें आम्हांस हंसण्यासारखें वाटत नाहीं. अखेर १८९९ सालाच्या अखेरीस ते निघाले. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. पुढें ग्वाल्हेरवरून काशीस जाऊन, अन्नछत्रांत जेवून, त्यांनीं संस्कृताचा अभ्यास केला. बौद्ध धर्म अजून जिवंत असेल या आशेनें ते १९०२ च्या आरंभीं नेपाळांत गेले आणि निराश होऊन उतरले. त्यानंतर अशोक जेथें गेला होता त्या बोधगयेस ते आले. तेथें त्यांना सिंहलद्वीपाची वाट कळली, आणि कलकत्ता व मद्रास करीत ते कोलंबोस पोहोंचले. तेथील विद्योदय विद्यालयांत सुमंगल महास्थविरांच्या हाताखालीं त्यांनीं पालि भाषेचें अध्ययन केलें. ग्रंथ सिंहली लिपींत, भोंवतालची बोली सिंहली, अन्न निराळें, हवा निराळी. जवळ द्रव्य नव्हतें, आणि आपली भाषा बोलणारें माणूस नव्हतें.

अशा वेळीं माणसाला दोनच आधार असतात: पुस्तक आणि सोबती. धर्मानंदांना दोन्ही लाभले. मद्रासेस प्रोफेसर लक्ष्मी नरसू यांच्याशीं त्यांचा स्नेह जडला. ब्रह्मदेशांत ज्ञानतिलोक भिक्षु त्यांना भेटले. हे मूळचे जर्मनीचे, पूर्वाश्रमीं व्हायोलिन वाजविणारे. गोव्याच्या बागाइतींतला एक तरुण आणि जर्मनींतला एक वादक, हे दोघे सगाईंच्या डोंगरांतील गुहांत ध्यान शिकण्यास एकत्र राहिले. घरीं राहिले असते तर या दोघांची गांठ कधींही पडली नसती. एकट्यानें निघण्याचा हा मोठा लाभ आहे. जो घोळक्यानें जातो तो आपलें गांवच बरोबर नेतो, आणि परक्याशीं बोलण्याची त्याला गरज पडत नाहीं.

येथवर सर्व गौरवाचें झालें. परंतु 'निवेदन' वाचतांना आमचें मन वारंवार सांखवाळच्या घराकडे वळतें. धर्मानंद निघाले तेव्हां त्यांच्या पत्नी बाळाबाई यांच्या पदरीं माणिक ही तान्ही मुलगी होती. ते पुन्हां घरच्या माणसांत आले ते सुमारें सात वर्षांनीं. तेवढ्या काळांत मुलगी चालूं लागली, बोलूं लागली, आणि बाप म्हणजे काय हें तिला ऐकूनच कळलें. त्या पुस्तकांत बाळाबाईंची बाजू त्यांच्या तोंडून येत नाहीं. सिंहलद्वीपांतील हालअपेष्टांना निदान ग्रंथांत जागा मिळाली; मागें राहिलेल्या बाईच्या दिवसांना ती मिळाली नाहीं. विद्येच्या थोरवीनें हें ऋण फिटतें असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

तरीही त्यांच्या पुढील वर्तनांत एक गोष्ट दिसते. ते परतले ते आपल्या भाषेंत परतले. कलकत्त्यास अधिक पगार मिळत असतां त्यांनीं तो सोडला, आणि महाराष्ट्रांत राहून दरवर्षीं एक ग्रंथ लिहावा या अटीवर सयाजीराव गायकवाड महाराजांनीं देऊं केलेले दरमहा पन्नास रुपये पत्करले. बुद्धाचें चरित्र त्यांना मराठींत वाचावयास मिळालें होतें. त्या मराठीस त्यांनीं पुष्कळ पटींनीं तें परत केलें. पुढें १९१० सालीं हार्वर्ड विद्यापीठानें त्यांना 'विसुद्धिमग्ग' या पालि ग्रंथाच्या संपादनासाठीं अमेरिकेस बोलावलें. १९१८ सालीं ते पुन्हां गेले, तेव्हां माणिक व दामोदर या दोन्ही मुलांना त्यांनीं शिक्षणासाठीं बरोबर नेलें. १८९९ सालीं जिला पाळण्यांत टाकून ते निघाले होते, तिचाच हात धरून त्यांनीं या वेळीं समुद्र ओलांडला.

सोपाऱ्याहून परततांना रिक्षांत पुतणीनें विचारलें, "काका, मग त्यांनीं जायला नको होतं का?" आम्हीं सांगितलें, "जायला हवं होतं. पण मागच्यांना सांगून, आणि वरचेवर खबर देत." तिनें मान डोलविली.

मग घरांत असें ठरलें. मोबाइलवर ती रोज खुशाली कळवील; परंतु खुशाली म्हणजे हकीकत नव्हे. म्हणून दर रविवारीं तिनें हातानें एक पत्र लिहावें व त्याचें छायाचित्र पाठवावें. तें जेवणानंतर सर्वांसमक्ष वाचलें जाईल, आणि उत्तर मातुःश्री सांगतील, चुलतभाऊ लिहील. पिशवींत 'निवेदन' घालून दिलें. निघतांना कोणीही रडून तिचा पाय अडवूं नये, असेंही ठरलें होतें. तें मात्र कोणासच पाळतां आलें नाहीं.

दुसऱ्या रविवारचें पत्र कँडीहून आलें. तिनें प्रांजलपणें लिहिलें होतें कीं, पहिले तीन दिवस मजेंत गेले. चौथ्या दिवशीं वसतिगृहाच्या स्वयंपाकघरांतून खवलेल्या नारळाचा वास आला, आणि पानावर बसूनही घास घशाखालीं जाईना. "आजीला सांगा, तिनें म्हटलं तसंच झालं." तेथील मालकीणबाई हें पाहत होती. ती आपलें ताट घेऊन शेजारीं येऊन बसली. भाषा एकमेकींना येत नव्हती. तिनें खोबऱ्याची तिखट चटणी पानांत वाढली, आणि हातानें कालवून दाखवीत जेवूं लागली. मग पुतणीही जेवली. दुसऱ्या दिवशीं पहाटे उठून तिनें त्या बाईला नारळ खवून दिले.

मातुःश्रींनीं तें पत्र दोनदां वाचून घेतलें. चष्मा काढून पदरानें पुसला. मग म्हणाल्या, "बसलं ना कुणी शेजारीं? मग हिंडू दे." आणि उत्तरांत काय लिहावयाचें असें चुलतभावानें विचारलें तेव्हां म्हणाल्या, "लिही, त्या बाईचं नांव काय तें कळव. आपल्याकडे बोलवायचं आहे."