आमच्या रानातला गरुड

गरुड म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो विष्णूचे वाहन झालेला, पंख पसरून आभाळ व्यापणारा पक्षी. आपल्या गोंदिया जिल्ह्याच्या रानातला गरुड मात्र या चित्रात बसत नाही. तो आभाळात थोडा आणि झाडावर फार असतो. त्याचे नाव मोरघार. डोक्यावर चार-पाच इंच लांबीचा काळा तुरा असतो, म्हणून मोर. पण नावात घार असली तरी हा घार नव्हे. याच्या पायांवर थेट बोटांपर्यंत पिसे असतात आणि ही खऱ्या गरुडाची खूण होय. याच रानातल्या सर्पगरुडाचे पाय उघडे, पिवळे असतात. एवढे ध्यानात ठेवले तरी दोघांत गल्लत होणार नाही.

मोरघार दोन-सव्वादोन फूट लांब असतो. पाठ तपकिरी, पोट पांढरे व छातीवर गडद उभ्या रेघा. पिलू मात्र डोक्यापासून पोटापर्यंत इतके पांढरे असते की पाहणाऱ्याला तो निराळाच पक्षी वाटावा. भारत व श्रीलंकेपासून इंडोनेशिया, फिलिपाइन्सपर्यंत याचा वावर आहे. तिकडे पूर्वेला यांतले काही सर्वांगी काळपट असतात आणि तुरा आखूड किंवा मुळीच नसतो. आपल्याकडचा तुरेवाला आहे.

आता त्याचा धंदा पाहू. माळावरचा गरुड उंच घिरट्या घालून भक्ष्य शोधतो. दाट झाडीत ते साधत नाही, कारण वरून खालची जमीन दिसतच नाही. म्हणून मोरघार पानांच्या आडोशाला फांदीवर तासन् तास निश्चल बसतो आणि खाली ससा, रानकोंबडी, खार किंवा घोरपड दिसली की झेपावतो. त्याचे पंख रुंद, गोलसर व शेपटी लांब असते, ती यासाठीच. खोडाखोडांतून वळणे घेत उडायचे तर लांब, टोकदार पंख अडचणीचेच. गावाच्या कडेला तो कधी कोंबडीही उचलतो आणि मग शिव्या खातो. पण जंगलातले उंदीर-घुशीही तो खातो, त्याचा जमाखर्च कोणी मांडीत नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत याचा विणीचा हंगाम. उंच, जुन्या झाडाच्या बेचक्यात काटक्यांचे मोठे घरटे बांधायचे, आत हिरवी पाने अंथरायची आणि त्यात अंडे घालायचे एकच. सुमारे चाळीस दिवस मादी ते उबवते, नर शिकार आणून देतो. नंतर पिलू दोन महिने घरट्यात असते आणि उडू लागल्यावरही बरेच दिवस आईबापांच्या आधाराने जगते. म्हणजे जोडप्याची सगळ्या वर्षाची मिळकत ती एवढीच. ती बुडाली की वर्ष बुडाले.

आणि नेमका हाच काळ आपल्या माणसांच्या रानातल्या कामाचा असतो. फेब्रुवारी-मार्चात तेंदूची झुडपे छाटतात, पुढे मोहाची फुले वेचतात, एप्रिल-मेमध्ये पहाट फुटण्यापूर्वीच बायामाणसे तेंदूपत्ता तोडायला निघतात. मोहफुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, ती आग कधी कधी पसरते. पानतोड करणाऱ्यांत आम्ही अनेक वर्षे काम केले आहे, म्हणून सांगतो : ही माणसे गरुडाची वैरी नव्हेत. त्यांना पोटासाठी जावे लागते. पालापाचोळा झाडून, गोळा करून फुले वेचता येतात, पण त्याला वेळ लागतो आणि त्या वेळेची मजुरी कोणी देत नाही. आग थांबवायची तर ही मजुरी मांडावी लागेल. नुसत्या फलकांनी ती थांबत नाही.

नागझिरा 1970 साली अभयारण्य झाले, नवेगाव 1975 साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि 2013 साली दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. वन्य पक्षी मारणे 1972 च्या कायद्याने गुन्हा आहे. हे सारे योग्यच. पण कायद्याने राखलेल्या हद्दीबाहेरही रान आहे, नाल्याकाठचे अर्जुन आणि जुने ऐन आहेत. तिथे तोडीचे चिन्ह पडते तेव्हा वर घरटे आहे की नाही हे कोण पाहतो? नवे रोप लावून भरपाई होत नाही. घरट्याचे वजन पेलील असे झाड व्हायला माणसाचे आयुष्य जाते.

कुठल्या झाडावर काटक्यांचा ढीग आहे, कुठून वर चढत जाणारी तीक्ष्ण शीळ ऐकू येते, हे पान तोडणाऱ्या बाईला पक्के ठाऊक असते. झाडांवर चिन्ह टाकण्यापूर्वी तिला विचारावे, तिच्या सांगण्याची नोंद घ्यावी आणि त्या दिवसाची मजुरी तिला द्यावी, एवढीच आमची मागणी आहे. तिने दाखविलेले झाड वाचले, तर पुढच्या हिवाळ्यात त्याच बेचक्यात पुन्हा काटक्या चढतील.