विश्लेषण : कर्जत-खालापूरचा मतदार लोकसभेला कमी आणि विधानसभेला जास्त का बाहेर पडतो?

मतदार तेच, मतदान केंद्रेही बहुतेक तीच. मध्ये अंतर जेमतेम सहा महिन्यांचे. तरीही २०२४ मध्ये कर्जत विधानसभा मतदारसंघात मे आणि नोव्हेंबरच्या मतदानात मोठा फरक पडला. तो केवळ 'उदासीनता' म्हणून सोडून देता येईल का?

आकडे काय सांगतात?

कर्जत, खोपोली, माथेरान ही शहरे आणि कर्जत-खालापूर तालुक्यांतील गावे, वाड्या मिळून हा मतदारसंघ तयार होतो. लोकसभेसाठी तो मावळ मतदारसंघात येतो. १३ मे २०२४ रोजी मावळमध्ये सुमारे ५५ टक्के मतदान झाले. पिंपरी आणि पनवेल पन्नाशीच्या आसपास अडकले, तर कर्जत आणि उरण साठीच्या पुढे गेले. २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी मात्र कर्जतचे मतदान ७५ टक्क्यांच्या घरात पोहोचले. राज्याची सरासरी तेव्हा ६६ टक्के होती.

सोमवार आणि बुधवारचा फरक काय?

कर्जत, नेरळ, खोपोलीतून रोज हजारो जण मुंबई-ठाण्याला नोकरीसाठी जातात. पहाटेची लोकल पकडणारा माणूस रात्री घरी पोहोचतो. मतदानाची वेळ सकाळी ७ ते सायंकाळी ६. म्हणजे सुट्टी नसेल, तर त्याचे मत जवळपास बुडालेच.

१३ मे हा सोमवार होता. मावळचे मतदान चौथ्या टप्प्यात, तर मुंबई-ठाण्याचे पाचव्या टप्प्यात, २० मे रोजी होते. त्यामुळे त्या दिवशी मुंबईतील कार्यालये सुरू होती. त्यात दुपारी धुळीचे वादळ आले, घाटकोपरला जाहिरात फलक कोसळला आणि मध्य रेल्वेची वाहतूक विस्कळीत झाली. लवकर निघून मत द्यायचे ज्यांनी ठरवले असेल, त्यांचीही वाट अडली. नोव्हेंबरमध्ये संपूर्ण राज्यात एकाच दिवशी, बुधवारी मतदान होते. घर आणि कार्यालय, दोन्हीकडे सुट्टी.

कायद्यात तरतूद नाही का?

आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १३५ब नुसार मतदाराला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी लागते. कामाचे ठिकाण मतदारसंघाबाहेर असले तरी हा हक्क राहतो. रोजंदारीवरील कामगारही त्यात येतात. पण उल्लंघन करणाऱ्या मालकाला दंड आहे जास्तीत जास्त ५०० रुपये. एवढ्या दंडाचा धाक किती वाटणार?

मतदारांचा राजकीय कल कोणता?

लोकसभेला २००९ पासून सलग चार वेळा मावळमध्ये शिवसेनेचा उमेदवार निवडून आला. विधानसभेचे चित्र वेगळे. २००९ आणि २०१४ मध्ये राष्ट्रवादीचे सुरेश लाड जिंकले. २०१४ ला त्यांनी शेकापच्या महेंद्र थोरवे यांचा दोन हजारांहून कमी मतांनी पराभव केला. २०१९ मध्ये तेच थोरवे शिवसेनेकडून आले आणि लाड यांना हरवून आमदार झाले.

२०२४ चे उदाहरण अधिक बोलके आहे. मे महिन्यात श्रीरंग बारणे खासदार झाले, पण कर्जतमध्ये आघाडी मिळाली ती ठाकरे गटाच्या संजोग वाघेरे यांना. नोव्हेंबरमध्ये मात्र ठाकरे गटाचे नितीन सावंत तिसऱ्या क्रमांकावर गेले. थोरवे यांनी अपक्ष सुधाकर घारे यांच्यावर सुमारे ५,७०० मतांनी मात केली. याचा अर्थ, इथे चिन्हाइतकेच, कधी त्याहून जास्त, माणसाकडे आणि त्याच्या गावपातळीवरील जाळ्याकडे पाहून मत पडते. विधानसभेला तो माणूस ओळखीचा असतो, त्याचा कार्यकर्ता दारात येतो. लोकसभेचा उमेदवार घाटापलीकडचा, पिंपरी-चिंचवडचा असतो.

टक्केवारी फसवते कशी?

टक्केवारी म्हणजे पडलेली मते भागिले यादीतील नावे. समजा, एका इमारतींच्या वस्तीत यादीवर १,००० नावे आहेत आणि ५१० जणांनी मतदान केले. टक्केवारी आली ५१. पण त्यातील १५० जण घर सोडून गेलेले किंवा मृत असतील, तर खरे मतदार ८५० आणि खरी टक्केवारी ६०. भाडेकरूंची ये-जा असलेल्या शहरी भागात हा फरक वाढतो. वीटभट्टी किंवा अन्य कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांची अडचण निराळी. त्यांची नावे यादीत बरोबर असतात, पण मतदानाच्या दिवशी माणसे गावात असतीलच असे नाही.

वस्तीने कोणाला मत दिले, हे कळते का?

व्यक्तीचे मत गुप्त राहते, वस्तीचे नाही. निकालानंतर 'फॉर्म २०' मध्ये प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मते पडली, हे जाहीर होते. मोठ्या शहरात त्याने फारसे बिघडत नाही. पण एखाद्या केंद्रावर दोन-तीन वाड्यांचेच मतदार असतील, तर 'इथून मते मिळाली नाहीत' हे उमेदवाराला नेमके कळते. पाणी, रस्ता, घरकुलासाठी त्याच्याच दारी जावे लागणाऱ्यांसाठी ही धास्ती खरी आहे. म्हणूनच अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणाऱ्या 'टोटलायझर' यंत्राचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये मांडला. विधि आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. अंमलबजावणी मात्र झालेली नाही.

मतदाराने काय करावे?

नवीन नावासाठी 'फॉर्म ६', पत्ता बदलला असेल तर 'फॉर्म ८' भरावा. दोन्ही ऑनलाइन भरता येतात. गावी आणि मुंबईत, अशी दोन्हीकडे नावे ठेवणे हा गुन्हा आहे. नगर परिषदांच्या निवडणुकाही विधानसभेच्याच यादीवरून होतात. त्यामुळे आज दुरुस्त केलेले नाव प्रभागापासून लोकसभेपर्यंत उपयोगी पडते.