ओळखपत्र आहे, पण नाव यादीत आहे का?

२० नोव्हेंबर २०२४, विधानसभेच्या मतदानाचा दिवस. निवडणुकीच्या ड्युटीवर मी पहिली मतदान अधिकारी म्हणून बसले होते. म्हणजे समोर मतदार यादी, हातात पट्टी आणि पेन, आणि आलेल्या प्रत्येकाचे नाव शोधायचे काम. दुपारी दोनच्या सुमारास रांगेतून एक मुलगी पुढे आली आणि मला पाहून हसली. त्याच वर्षी आमच्याकडून बारावी झालेली. सोबत तिची फुफी. फुफीचे नाव सापडले, बोटाला शाई लागली, त्या आत गेल्या. मुलीचे नाव सापडेना.

तिने आधार कार्ड दाखवले. मग पॅन कार्ड. मग नव्या कॉलेजचे ओळखपत्र. "टीचर, मे महिन्यात अठरा पूर्ण झाली मला. आधारवर तारीख आहे ना!" तारीख होतीच. यादीत नाव नव्हते. मी तिला पाच वर्षे शिकवले होते, तिच्या अब्बांना ओळखत होते, ती कोण आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तरी मला तिला परत पाठवावे लागले. नियमाने माझ्या ओळखीला तिथे काडीचीही किंमत नव्हती, आणि नसावीच. पण ती फुफीची वाट पाहत दाराशी उभी राहिली, ते मला दिवसभर खुपत राहिले. बारावीच्या वर्गात मी राज्यघटनेवर निबंध लिहून घेतला होता. फॉर्म ६ भरून घेतला नव्हता.

तेव्हापासून दर वर्षी बारावीच्या मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी या विषयावर मी बोलते. तेच आज इथे लिहिते आहे.

सर्वात मोठा गैरसमज हाच, की आधार निघाले म्हणजे मतदार म्हणून नाव आपोआप लागते. लागत नाही. अठरा वर्षांचे झाल्यावर मताचा हक्क मिळतो. १९८८ साली ६१वी घटनादुरुस्ती झाली, त्याआधी हे वय एकवीस होते. पण हक्क बजावायचा तर यादीत नाव हवे आणि त्यासाठी अर्ज आपणच करायचा असतो. आधी यादी, मग ओळखपत्र, हा क्रम डोक्यात पक्का ठेवावा. खिशात दहा कार्डे असली आणि यादीत नाव नसले तर मत नाही. उलट यादीत नाव असेल आणि मतदार कार्ड हरवले असेल, तर मार्ग आहे.

पूर्वी १ जानेवारी ही वर्षातली एकच अर्हता तारीख होती. २ जानेवारीला अठरा पूर्ण झालेल्या मुलाला पुढचे अख्खे वर्ष थांबावे लागे. २०२१ च्या कायद्यातील दुरुस्तीनंतर आता चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. म्हणूनच मी अकरावी-बारावीचा वर्ग गाठते. त्यानंतर मुले पांगतात, कोणी पुण्याला, कोणी मुंबईला, आणि मग कागद एका गावात आणि मूल दुसऱ्या गावात अशी गत होते.

नवीन नावासाठी फॉर्म ६. मोबाइलवर निवडणूक आयोगाच्या ॲपवरून किंवा मतदार पोर्टलवरून तो भरता येतो. नाहीतर आपल्या भागाच्या बीएलओकडे कागदावर द्यावा. बीएलओ कोण हे ठाऊक नसेल तर १९५० या क्रमांकावर फोन करावा. बरेचदा तुमच्याच मोहल्ल्यातल्या शाळेचे शिक्षक किंवा अंगणवाडीसेविका हे काम करत असतात. वयासाठी जन्माचा दाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख छापलेले दहावी-बारावीचे प्रमाणपत्र, यांपैकी एक. मुले हटकून शाळा सोडल्याचा दाखला घेऊन येतात. फॉर्ममध्ये दिलेल्या कागदांच्या यादीत तो नाही. पत्त्यासाठी वीज, पाणी किंवा गॅसचे बिल, बँकेचे पासबुक, आधार वगैरे चालते. बिल अब्बांच्या नावावर असले तर घाबरू नये, घरातल्या मतदाराचा कार्ड क्रमांक लिहायला फॉर्ममध्ये जागा आहे. फोटोत चेहरा समोरून पूर्ण दिसला पाहिजे. डोक्यावर ओढणी किंवा हिजाब असायला हरकत नाही, चेहऱ्यावर सावली नको. अर्ज दिल्यावर पोचपावतीचा क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवा. मोबाइल बदलतात, वही राहते.

आता नावाच्या स्पेलिंगचा प्रश्न. आपल्या घरांत तो इतरांपेक्षा जास्त छळतो. एकाच मुलाचे नाव दाखल्यावर मोहम्मद, आधारवर मोहम्मद्, पासबुकात एम. डी. शेखचे शैख होते, फातिमाचे फातेमा, अब्दुर्रहमानचे अब्दुल रहमान आणि मग आडनावच रहमान. उर्दूतले नाव इंग्रजीत जाते, इंग्रजीतून संगणक ते मराठीत आणतो, आणि दोन्ही प्रवासांत काही ना काही सांडते. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे हे मला जास्तच दिसते. फॉर्म ऑनलाइन भरताना इंग्रजीत नाव लिहिले की शेजारी मराठीत आपोआप उमटते. ते तसेच सोडू नका. वाचा, दुरुस्त करा. वडिलांचे नाव आणि लिंग हे रकानेही तपासा. मुलीच्या नावापुढे पुरुष असे छापलेले मी पाहिले आहे.

केंद्रावर किरकोळ चूक अडवत नाही. कार्डावरून माणूस ओळखू येत असेल तर स्पेलिंगमधल्या छोट्या फरकाकडे दुर्लक्ष करावे, अशा आम्हा मतदान अधिकाऱ्यांना स्पष्ट सूचना असतात. पण चूक तशीच राहिली तर पुढे पासपोर्टला, नोकरीला कटकट होते. दुरुस्ती, पत्ता बदल, हरवलेले कार्ड, या सगळ्याला आता एकच फॉर्म ८ आहे.

हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलांनी नाव कुठे लावायचे? कायदा म्हणतो, जिथे तुम्ही सर्वसाधारणपणे राहता तिथे. मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा अभ्यासक्रम असेल, तर विद्यार्थी हॉस्टेलच्या पत्त्यावर नोंदणी करू शकतो. त्यासाठी प्राचार्यांचे बोनाफाईड प्रमाणपत्र जोडावे लागते. किंवा आई-वडिलांच्या घरच्या पत्त्यावरच नाव ठेवता येते. दोन्ही ठिकाणी मात्र नाही. दोन नावे ठेवून फॉर्ममध्ये 'माझे नाव इतरत्र नाही' अशी खोटी सही केली, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. माझे मत विचाराल तर, मतदानाच्या दिवशी तुम्ही खरोखर जिथे असाल तिथे नाव ठेवा. "गावी येऊन टाकेन" म्हणणारी निम्मी मुले परीक्षेच्या निमित्ताने येत नाहीत, हा माझा अनुभव.

मुलींच्या बाबतीत आणखी एक वाक्य मी घरोघरी ऐकते: "आता कशाला, निकाहनंतर सासरच्या पत्त्यावर एकदमच घालू." हे ऐकून मला खरेच राग येतो. निकाह तेविसाव्या वर्षी झाला तर मधली पाच वर्षे ती मुलगी कुणाच्याच यादीत नाही. नाव हलवायला अवघड काहीच नाही. फॉर्म ८ भरला की पत्ता बदलतो, कार्डाचा क्रमांक तोच राहतो. आणि अम्मी-अब्बांच्या सोबत त्याच भागाच्या यादीत नाव आहे, हा पुढे एक भक्कम जुना पुरावाही होतो. २०२५ साली बिहारमध्ये यादीची विशेष सखोल फेरतपासणी झाली, तेव्हा २००३ च्या यादीत स्वतःचे किंवा आई-वडिलांचे नाव आहे का, हे लोकांना शोधावे लागले. आधार हे नागरिकत्वाचा पुरावा नाही, पण ओळखीसाठी ते स्वीकारा, असे सर्वोच्च न्यायालयाला तिथे सांगावे लागले. घरातली जुनी कार्डे, दाखले एका पिशवीत जपून ठेवा, रद्दीत देऊ नका.

नाव लागले की विसरून जायचे असेही नाही. निवडणुकीआधी महिना-दोन महिने यादी पाहा. नाव वगळण्यासाठी कोणी फॉर्म ७ दिला असेल, तर तुमचे म्हणणे ऐकल्याशिवाय नाव काढता येत नाही. नोटीस आली तर ती टाळू नका, कागद घेऊन हजर राहा. निर्णय चुकीचा वाटला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषदेला तर वेगळी नोंदणीच नसते, विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेची घेतात. नुकत्याच झालेल्या स्थानिक निवडणुकांसाठी ती १ जुलै २०२५ ची होती. त्यानंतर नाव लावलेली मुले गल्लीतल्या नगरसेवकाला मत देऊ शकली नाहीत.

मतदानाच्या दिवशी मतदार कार्ड नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेले बँक किंवा पोस्टाचे पासबुक, दिव्यांगांचे यूडीआयडी कार्ड, रोजगार हमीचे जॉब कार्ड अशी काही कागदपत्रे चालतात. कॉलेजचे ओळखपत्र त्यांत नाही. घरी मिळणारी मतदार चिठ्ठी नाव शोधायला उपयोगी, ओळखीला नाही. मूळ कार्ड हातात असू द्या, कारण मोबाइल आत नेता येत नाही.

बुरखा किंवा नकाब घालणाऱ्या भगिनींनी संकोच करू नये. ओळख पटवावी लागते, पण त्यासाठी महिला अधिकारी आणि आडोशाची सोय असते. मी स्वतः हे काम केले आहे. अर्ध्या मिनिटात होते. एखाद्या पक्षाच्या प्रतिनिधीने "ही ती नव्हे" असा आक्षेप घेतला, तर त्याला दोन रुपये भरावे लागतात, आणि केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करून निर्णय देतात. तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेले असेल, तर रडत घरी जाऊ नका. ओळख पटवा आणि प्रदत्त मत मागा. ती मतपत्रिका वेगळ्या पाकिटात ठेवली जाते.

आखातात गेलेल्या भावांसाठी, परदेशात शिकणाऱ्यांसाठी फॉर्म ६ए आहे. पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर नाव लागते, पण मत द्यायला स्वतः यावे लागते.

त्या मुलीचा फॉर्म आम्ही निवडणूक संपल्यावर त्याच आठवड्यात भरला, शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून. मराठी रकान्यात तिचे नाव चुकीचे उमटले होते. तिनेच ते पाहिले आणि दुरुस्त केले.